दुरुस्तीनंतर इंजिन थरथरतंय? आधी जिथे हात लागला तिथे बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी. गाडी १५ वर्षं जुनी, १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. इंजिन तापलं म्हणून हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून त्याखालचं हेड गॅस्केट बदललं, त्याच कामात टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही नवे टाकले. गाडी परत आली तेव्हापासून आयडलिंगला थरथरते, उभ्या गाडीत स्टेअरिंगपर्यंत हादरे येतात, रेस वाढवली की बरीच सुधारते. स्कॅनरवर पी०३०० आणि पी०१७१ हे कोड. मग प्लग बदलले, कॉइल बदलल्या, ऑक्सिजन सेन्सर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक काहीच नाही, आणि आता ‘ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला असेल’ असं तुम्हाला सांगितलं जातंय.

ईसीयूला सध्या हात लावू देऊ नका. हेड उतरवण्याआधी ही गाडी तापत होती, थरथरत नव्हती. म्हणजे त्या कामात काहीतरी हललं, लावायचं राहिलं, चुकीचं बसलं किंवा दुखावलं. नेमक्या त्याच दिवशी ईसीयू आपणहून मरण्याची शक्यता फार थोडी. दुरुस्तीनंतर उगवलेली तक्रार आधी त्या दुरुस्तीतच शोधायची आणि पार्ट बदलण्याआधी मोजायचं, एवढं धरून चाललात तर बहुतेक वेळा उत्तर सापडतं. तुमच्या गाडीत आतापर्यंत नेमकं उलटं झालंय: चार गोष्टींना हात लावला आणि मोजली एकही नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण प्रत्येक नवा पार्ट हा नवा संशयितही असतो. नवा प्लग घट्ट करताना त्याच्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेली, तर तुमच्याकडे मूळ दोष अधिक एक नवा दोष अशी गुंतागुंत तयार होते.

सुरुवात अशा प्रश्नापासून करा जो बहुतेक जण विचारतच नाहीत: हे खरोखर मिसिंग (सिलिंडरमधलं मिश्रण मधूनमधून न जळणं) आहे की नुसता हादरा आहे? तुमच्या स्कॅनरवर पी०३०० हा मिसिंगचाच कोड आलाय, त्यामुळे मिसिंग आहे असं धरू. पण दोन्ही एकत्रही असू शकतं. टायमिंग बेल्ट बदलताना बऱ्याच गाड्यांत बेल्टच्या बाजूचं इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) सोडावं लागतं. ते परत आवळताना इंजिन जॅकवर तिरकं असेल, तर माउंटिंगचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि इंजिनाचा साधा ठोकाही बॉडीत उतरतो. ओळखायचं असं: बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हाताचा तळवा थोड्या अंतरावर धरा. फुंकर एकसारखी येत असेल आणि तरी केबिन हादरत असेल, तर संशय माउंटिंगवर. फुंकर मधूनमधून चुकत असेल, ‘फट्’ करून रिकामी जात असेल, तर मिसिंग. माउंटिंगचा उपाय सोपा आहे. बोल्ट सैल करायचे, इंजिन चालू-बंद करून त्याला आपल्या जागी बसू द्यायचं आणि मग आवळायचे.

बॅलन्स शाफ्ट (इंजिनाचे हादरे कमी करणारा फिरता दांडा) असलेल्या इंजिनांत आणखी एक सापळा असतो. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनात ऑइल पंपाच्या पुलीची खूण बरोबर जुळूनही मागचा बॅलन्स शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूचा एक बूच काढून त्या भोकातून ८ मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर आत घालून बघतात. तो ६० मिमीच्या आसपास आत गेला तर शाफ्ट बरोबर, थोडंसंच जाऊन अडला तर चुकलेला. अशा चुकीत इंजिन अगदी नीट पेटतं, एकही कोड येत नाही, तरी गाडी थरथरत राहते. तुमच्या इंजिनात बॅलन्स शाफ्ट आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आता कोडकडे. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला चिकटलेलं नाही, फिरतं आहे. एकच सिलिंडर असता तर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड आला असता. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पेट्रोल इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, आणि ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघत ते प्रमाण सतत सावरत असतो. पण एक फसवणूक ध्यानात ठेवा. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सरला तिथे ऑक्सिजनच ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘मिश्रण पातळ आहे’ असं कळवतो. म्हणजे पातळ मिश्रणामुळे मिसिंग होऊ शकतं, आणि मिसिंगमुळे मिश्रण पातळ असल्याचा भासही होऊ शकतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तरीही बाहेरची हवा ओढली जाऊन हाच भास होतो, आणि हेडच्या कामात ते गॅस्केटही निघालेलं असतं. तुमचा ऑक्सिजन सेन्सर बहुधा खरंच बोलत होता. बातमी आणणाऱ्यालाच बदललं गेलं.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर तपासणीपुरती गाडी चालवायला हरकत नाही. तो लुकलुकत असेल तर लगेच थांबवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय, आणि आतली जाळी वितळायला त्याला फार वेळ लागत नाही.

अवजारं हातात घेण्याआधी, इंजिन बंद आणि थंड असताना, टॉर्च घेऊन पाऊण तास नुसतं बघा. हेड उतरवायला काय काय सोडावं लागलं असेल त्याची यादी मनात करा आणि प्रत्येक गोष्टीला हात लावून खात्री करा. इनटेक मॅनिफोल्ड, त्यामागचे छोटे व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप, एअर फिल्टर ते थ्रॉटलपर्यंतची रबरी नळी, इंजेक्टरचे चार कनेक्टर, कॉइलचे कनेक्टर, कॅम आणि क्रँक सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. कनेक्टर नुसता बघू नका, ओढून बघा. क्लिक न झालेला कनेक्टर बाहेरून अगदी बसल्यासारखा दिसतो. एअर फिल्टरनंतरची ती घड्यांची रबरी नळी हाताने वाकवून प्रत्येक घडीत टॉर्च मारा. जुन्या रबराची चीर नळी सरळ असताना मिटलेली असते, इंजिन हललं की उघडते. आणि इंजेक्टरचे कनेक्टर आपसात बदलले गेले नाहीत ना, हे वायरच्या रंगांवरून डायग्रामशी ताडून बघा. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तरी गाडी चालू होते, फक्त पेट्रोल चुकीच्या वेळी पडतं आणि आयडलिंग बिघडतं.

अर्थची वायर या यादीत मुद्दाम वेगळी काढतो, कारण ती हमखास विसरली जाते. हेडवर किंवा इनटेक मॅनिफोल्डवर एक-दोन अर्थच्या वायरी बोल्टखाली असतात. त्या परत लावताना राहिल्या, किंवा गंजलेल्या गोल टोकासकट लावल्या, तर सेन्सर आणि कॉइल भलत्याच वाटेने अर्थ शोधतात. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं हेडच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक. त्यापेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थ खराब.

या पाहणीत काही हाती लागलं नाही तर स्कॅनर परत जोडा, पण कोड वाचायला नव्हे. लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म दोन्ही. ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज शून्याच्या पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर चिंता नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला बेरीज लिहून घ्या, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून परत लिहा. आयडलिंगला अधिक २० ते २५ आणि २५०० ला अधिक ४-५ असं आलं, तर इंजिन कुठूनतरी न मोजलेली हवा घेतंय. कारण साधं आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन मुळात थोडी हवा ओढतं आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे छोट्या फटीतून येणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होऊन बसते. रेस वाढवली की खरी हवा अनेक पटींनी वाढते आणि फटीतली हवा त्यात नगण्य ठरते. उलट आयडलिंगला ठीक आणि रस्त्यावर लोड दिल्यावर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, किंवा मास एअरफ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय.

तुमच्या गाडीत मास एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर असेल, तर चित्र थोडं बदलतं. आत शिरलेली हवाही तो प्रेशर सेन्सर मोजतो, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग मात्र वर चढतं. त्यामुळे गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी बघा आणि मगच आकड्यांचा अर्थ लावा.

तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे आयडलिंगला वाईट, रेसला बरं, फिरतं मिसिंग आणि पातळ मिश्रण, ही सगळी हवा घेण्याकडेच बोट दाखवतात. माझा पहिला संशय इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आहे. जुनंच गॅस्केट परत वापरलं, हेडच्या तोंडावर जुन्या गॅस्केटचा तुकडा चिकटून राहिला, किंवा बोल्ट मधून बाहेर या क्रमाने न आवळता एका टोकाकडून आवळत नेले, तर कुठेतरी फट राहते. दुसरा संशय इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगवर. फ्युएल रेल परत बसवताना कोरडी ओ-रिंग मुडपते किंवा कापली जाते, आणि नेमक्या त्याच सिलिंडरला हवा मिळते. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा बारीक हात लावून रेल सरळ दाबायची असते, तिरकी करून ढकलायची नाही.

हवा कुठून येते ते शोधायला बरेच जण कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनावर मारतात. मी ते करू नका असंच सांगेन. तो ज्वलनशील असतो, शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, आणि एखाद्या प्लगच्या वायरीतून ठिणगी बाहेर उडत असेल तर आग लागायला तेवढं पुरे. त्याऐवजी बारीक फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या. कॉइल आणि कनेक्टर टाळून मॅनिफोल्डच्या जोडांवर एकेका ठिकाणी फवारा आणि थांबा. पाणी फट क्षणभर बुजवतं, आणि त्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो, स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम खाली येतो. कधीकधी साबणाचे बुडबुडे आत ओढले जाताना डोळ्यांनी दिसतात. दुसरी युक्ती म्हणजे पाइप दाबण्याची. ब्रेक बूस्टरचा पाइप, मग पीसीव्हीचा, मग उरलेले छोटे पाइप, असे एकेक करून कापड गुंडाळलेल्या पकडीने हळूच चिमटा. ज्या पाइपला चिमटल्यावर आयडलिंग सुधारलं, त्याच्या पलीकडे गळती आहे. ब्रेकचं पेडल दाबल्यावर आयडलिंग बदललं आणि पायाशी ‘स्स्’ ऐकू आलं, तर बूस्टरच. ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलीय का, तेही बघा. अनेक इंजिनांत क्रँककेसची हवा पीसीव्हीतून इनटेकमध्येच जाते, त्यामुळे तिथली फट हीसुद्धा इनटेकचीच फट. हे सगळं करूनही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. कमी दाबाने धूर भरतात आणि तो जिथून निघतो तिथे दोष असतो. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ही एक टेस्ट कितीतरी परवडते.

दुसरी मोठी शक्यता टायमिंगची, म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा बेल्ट एक दात चुकून बसण्याची. क्रँकच्या पुलीला २४ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे तब्बल १५ अंश. एवढ्या फरकावर बहुतेक इंजिनं चालू होतात, म्हणूनच चूक लपून राहते. व्हॉल्व्ह उशिरा उघडमीट करायला लागले की आयडलिंग ढिलं पडतं, खालचा पिकअप जातो, वरच्या आरपीएमला गाडी बरी वाटते. पी००१६ हा क्रँक-कॅम जुळत नसल्याचा कोड येऊ शकतो, पण सगळ्या जुन्या गाड्यांत तो येतोच असं नाही. कोड आला नाही म्हणून टायमिंग बरोबर आहे, असं धरून चालू नका.

इथे व्हॅक्यूम गेजसारखं दुसरं अवजार नाही. आजकाल ते फार कमी जणांच्या हातात दिसतं, याचं मला वाईट वाटतं. मॅनिफोल्डच्या एखाद्या पाइपला ते टी देऊन जोडा. इंजिन गरम, आयडलिंगला. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक इंच वजा धरा. काटा स्थिर पण खाली, समजा १२-१४ वर असेल, तर टायमिंग उशिरा आहे किंवा मॅनिफोल्डला मोठी गळती आहे. काटा ठरावीक लयीत दर वेळी तेवढाच खाली आपटत असेल, तर एकाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. २५०० वर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला, तर एक्झॉस्ट तुंबलाय आणि कन्व्हर्टरची जाळी बघायला हवी.

काटा खाली दिसला आणि हवेची गळती सापडली नाही, तर बेल्टचं वरचं कव्हर काढायला लावा. प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशनचा विरोध राहणार नाही, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवा. त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवायचं. बहुतेक इंजिनं बेल्टच्या बाजूने बघता घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण होंडाची जुनी बी आणि डी मालिकेची इंजिनं उलटी. पूर्ण दोन फेरे देऊन क्रँकची खूण जुळवा आणि कॅमची खूण बघा. मध्येच कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असू शकतो. आणि क्रँकच्या बाहेरच्या मोठ्या पुलीवरच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्या पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं, ते सुटलं की बाहेरचं कडं सरकतं आणि खूण खोटी पडते. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून लांब, मऊ काडी पिस्टनवर टेकवा. पिस्टन वर येताना काडी वर सरकते, क्षणभर थबकते आणि उतरायला लागते. ते थबकणं म्हणजे वरचं टोक. खूण त्या जागेशी जुळते का ते बघा. मोठी पुली निघाली असेल तर क्रँकच्या चावीची खाचही बघा. मधला बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला नसेल तर ती खाच झिजते आणि टायमिंग हळूहळू हलत जातं.

इथवर सगळं ठीक निघालं तर आता कोणता सिलिंडर कमी काम करतोय ते शोधा. २००० सालानंतरच्या बऱ्याच गाड्यांत कोड पी०३०० असला तरी स्कॅनरच्या मोड ६ मध्ये (ईसीयूने स्वतः केलेल्या चाचण्यांचे आकडे) प्रत्येक सिलिंडरच्या मिसिंगची मोजणी स्वतंत्र दिसते. नसेल तर इंजेक्टरचा एकेक कनेक्टर काढून आरपीएम किती पडतो ते बघा. आयडलिंग सावरणारी यंत्रणा लगेच भरपाई करते, म्हणून अॅक्सिलरेटर १५०० वर स्थिर धरून हे करा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर काहीच फरक पडला नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. कॉइल किंवा प्लगची वायर काढून ही चाचणी करू नका: पेट्रोल आत पडत राहतं, कन्व्हर्टर भाजतो आणि हाताला बसणारा झटकाही साधा नसतो. सिलिंडर सापडला की त्याची कॉइल शेजारच्याशी बदला आणि मिसिंग तिच्याबरोबर सरकतं का ते बघा. सरकलं तर कॉइल, नाही सरकलं तर मग प्लग, मग इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. प्लग काढाल तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसते का ते निरखून बघा. ठिणगी टोकाला न जाता त्या रेघेवरून बाहेर पळते. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे सील नीट बसलेले नाहीत.

चारांपैकी एकच प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख, धुतल्यासारखा दिसला तर सावध व्हा. तिथे पाणी शिरतंय. सकाळी पहिल्या मिनिटाला मिसिंग, पांढरा धूर आणि मग सगळं शांत, अशी साथ असेल तर हेड गॅस्केट बसलेलं नाही किंवा हेडला चीर आहे.

कॉम्प्रेशन मात्र मोजाच. हेड उतरलेल्या इंजिनात हे काम गाडी परत देण्याआधीच व्हायला हवं होतं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली, असं करून प्रत्येक सिलिंडरला चार-पाच ठोके द्या. अशा बऱ्याच इंजिनांत १५० ते १९० पीएसआय येतं. पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नको. एखादा कमी निघाला तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट. चारही एकसारखेच कमी असतील तर परत टायमिंगकडे वळा.

हेडच्या कामात व्हॉल्व्ह घासले किंवा सीट कापल्या असतील तर व्हॉल्व्हचा दांडा थोडा वर येतो आणि टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातली) फट कमी होते. टॅपेट परत सेट केले नाहीत तर थंड इंजिन छान चालतं आणि गरम झालं की बिघडतं, कारण तापल्यावर उरलीसुरली फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह असा उघडा राहिला तर जळतो आणि मग हेड पुन्हा उतरवावं लागतं. फिलर गेजने फट मोजणं हे एका संध्याकाळचं काम आहे. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्या. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा प्रश्न बहुतेक येत नाही.

बाकीचं झटपट. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी त्याचा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा जवळपास सारखा हवा. उणे ४० दिसला तर कनेक्टर सुटलाय किंवा वायर तुटलीय. फ्युएल प्रेशर: मॅन्युअल बघा, बऱ्याच गाड्यांत ३ बारच्या आसपास असतं. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोलचा ओलावा दिसला तर त्याचा पडदा फाटलाय. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा): कामात सुटलेला काजळीचा कण त्याच्या व्हॉल्व्हखाली अडकला तर तो मिटत नाही, आणि आयडलिंग बिघडून रेसला ठीक होणं हेच त्याचंही लक्षण. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर अनेक गाड्यांत आयडलिंगचं रीलर्न (ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवणं) करावं लागतं. ते केलंय का विचारा. थ्रॉटलच्या थांबवणीचा छोटा स्क्रू कुणी फिरवला असेल तर तेही कळायला हवं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हाच प्रश्न असेल तर क्रम असा ठेवा: आधी टॅपेट, मग पॉइंट आणि टायमिंग, मग मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरचे स्क्रू. हवा घेणाऱ्या इंजिनाचे स्क्रू फिरवून आयडलिंग कधीच जागेवर येत नाही.

गॅरेजमध्ये जाताना हातात कागद असू द्या: दोन्ही आरपीएमचे ट्रिम, व्हॅक्यूमचा आकडा, चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन. ज्यांनी हेडचं काम केलं त्यांनाच आधी दाखवा, शांतपणे, कारण इनटेकचं गॅस्केट किंवा बेल्ट परत बसवणं हे त्यांच्याच कामाचा भाग ठरतं. ‘ईसीयू’ हा शब्द परत निघाला तर एवढंच विचारा: त्याला येणारा करंट आणि अर्थ मोजलाय का, आणि कोणत्या सिलिंडरचा सिग्नल बाहेर पडत नाही?

दोष निघाल्यावर कोड पुसा आणि ट्रिम शून्यावर आणा, नाहीतर ईसीयू जुन्या सवयीने काही काळ जास्त पेट्रोल ओतत राहील. मग इंजिन थंड असताना चालू करून गरम होईपर्यंत आयडलिंगला सोडा, नंतर अर्धा तास वेगवेगळ्या वेगांत चालवा आणि ट्रिम परत लिहून घ्या. आयडलिंग आणि २५०० या दोन्ही ठिकाणी बेरीज पाचच्या आत आली आणि मोड ६ मधली मिसिंगची मोजणी शून्यावर राहिली, तर गाडी बरी झाली. त्यानंतरही चढावर ओढ कमी वाटली, तर इतके दिवस मिसिंगवर चाललेला कन्व्हर्टर तुंबलाय का, ते त्याच व्हॅक्यूम गेजने तपासा.